काहीही न घडलेलं दीपगृह

आमच्या दीपगृहाला इतिहासच नाही, हे आम्हाला एका मंगळवारी दुपारी कळलं. तोपर्यंत आमचं बरं चाललं होतं.

अगदी झकास नाही, पण बरं. दीपगृह बंद होऊन गेलं होतं. दीपगृह खात्याची माणसं आली, वरचा दिवा उचकटला, गाद्यांमध्ये गुंडाळला आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घेऊन गेली. कारण काय, तर आता ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये नकाशा असतो, मग दिवा कशाला जाळायचा? ठीक आहे. मग खात्याने बंद दीपगृहं यादीतून काढून टाकली. आता गंमत अशी की आमच्या बेटाला वेगळं नावच नव्हतं. यादीत ते नुसतं ‘दीपगृह’ होतं. त्यामुळे दीपगृहाबरोबर बेटही गेलं, आणि नकाशे यादीवरूनच काढतात म्हणून ते नकाशातूनही गेलं. मोबाईलमध्ये बघाल तर आम्ही राहतो तिथे निळंशार पाणी आहे.

हे मी शाळेत बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू पाण्यात राहतेस?"

"हो बाई, पण घरात कोरडं असतं."

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मोबाईलवर विसंबून येणाऱ्या बोटी, समोर मोकळा समुद्र आहे असं समजून थेट आमच्या दिवाणखान्यावर चाल करून यायला लागल्या. आमच्या भोवती पाण्याखाली खडक आहेत, आणि एकापेक्षा एक वस्ताद आहेत. एकाचं नाव म्हातारा, एकाचं दात, आणि सगळ्यात वाईट ती सासूबाई. वरून शांत, काही बोलत नाही, पण एकदा लागली की जन्मभर लक्षात राहते. ही नावं आजोबांनी ठेवली. आईने एकदा विचारलं, "बाबा, सूनबाई नावाचा खडक नाही का?" आजोबा म्हणाले, "होता. त्याच्यावर घर बांधलं."

आजोबा म्हणजे या दीपगृहाचे शेवटचे बत्तीवाले. दिवा गेल्यावर दिव्याचं काम त्यांनी तोंडाने सुरू केलं. एक पत्र्याचा लांबलचक कर्णा घ्यायचा, वरच्या सज्जात उभं राहायचं आणि येणाऱ्या बोटीला ओरडून सांगायचं, "डावी घे! अजून डावी! आता सरळ! शाबास!" सज्जाच्या कठड्याला गज आहेत. एका ठरलेल्या फरशीवर उभं राहून बघितलं की कुठल्या गजामागे कुठला खडक आहे ते त्यांना पाठ होतं. आम्हाला पाठ व्हावं म्हणून त्यांनी गज रंगवले. लाल म्हणजे सासूबाई, पिवळा म्हातारा, पांढरा दात. बोट लाल गजामागे जायला लागली की बोंब मारायची, इतकं सोपं. आम्ही पाळ्या लावून घेतल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळची पाळी माझी, आणि माझा आवाज असा खणखणीत आहे की मला कर्णा लागतोच असं नाही. मी शोभेला धरते.

तर मंगळवारी आत्याच्या लाँचमधून एक साहेब उतरले. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी. किनारा ते बेट लाँच चालवते आणि मला शाळेत पोचवते. पप्पा मोठ्या जहाजावर असतात, ते वर्षातून एकदा येतात आणि आल्या आल्या जमीन हलतेय म्हणून तक्रार करतात.

साहेब वारसा कार्यालयातले होते. त्यांनी केशरी लाईफ जॅकेट घातलं होतं आणि ते त्यांनी घरात आल्यावरही काढलं नाही. चहा पितानाही नाही. आमची बसायची खोली गोल आहे आणि कपाटं सरळ, त्यामुळे प्रत्येक कपाटामागे एक पोकळी आहे. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, ते निसटलं आणि कपाटामागे गेलं.

"जाऊ द्या," आई म्हणाली. "तिथे गेलेलं परत येत नाही. माझी एक चप्पल आहे तिथे, लग्नातली."

साहेबांनी घसा साफ केला. "मी या दीपगृहाचा इतिहास लिहायला आलोय. नियम साधा आहे. इतिहास असेल तर वारसा. वारसा असेल तर जतन. इतिहास नसेल तर ही नुसती उंच भिंत, आणि उंच भिंत धोकादायक म्हणून पाडायची. तर आजोबा, सांगा. काय काय घडलं इथे?"

आजोबा ताठ बसले. या प्रश्नाची ते बहुतेक आयुष्यभर वाट बघत होते.

"काहीही नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काही घडू दिलं नाही."

"एखादी बोट फुटली असेल की."

"माझ्या कारकिर्दीत? तोंड सांभाळून बोला."

"तुमच्या आधी?"

"माझे वडील होते. त्यांच्याही नाही."

"वीज पडली?"

"तार लावलीय. ती सरळ जमिनीत जाते, चहालासुद्धा थांबत नाही."

"कुणी मोठा माणूस येऊन गेला?"

"तुम्ही आलात."

साहेब जरा लाजले. "मी मोठा नाही हो. बरं, भूत वगैरे? भुताला आजकाल चांगले गुण मिळतात."

"भूत उभं कुठे राहणार?" आई मध्येच म्हणाली. "या घरात कोपराच नाही. मला रागावून बसायलासुद्धा जिन्यात जावं लागतं."

साहेबांनी वही मिटली. चेहरा असा केला, जणू डॉक्टरच बाहेर येऊन ‘आम्ही प्रयत्न केले’ म्हणतोय. "शनिवारी पुन्हा येतो. तोपर्यंत काही आठवलं तर बघा. एक घटना पुरे. छोटीशी चालेल. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग यंत्र येईल."

साहेब गेले. यंत्र येणार म्हणजे मनोरा जाणार, आणि मनोरा गेला की आजोबांना शहरात काकांकडे जावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. खिडकीतून शेजारच्या गाडीचं चाक दिसतं. ज्या माणसाने जन्मभर पार क्षितिजापर्यंत बघितलं, त्याने उतारवयात एका चाकाकडे बघत बसायचं. मला ते डोळ्यांसमोर आलं आणि मी त्याच क्षणी ठरवलं की इतिहास नसेल तर आपण करायचा. त्यात काय एवढं? लोक करतातच.

मी आत्याला गाठलं. "आत्या, शनिवारी साहेबांना आणशील ना, तेव्हा लाँच जराशी म्हाताऱ्याला लाव."

"डोकं फिरलंय तुझं?"

"फोडू नकोस गं. नुसता गालाला गाल. साहेब साक्षीदार, लाईफ जॅकेट ते झोपतानाही काढत नसणार. झाली घटना."

"माझ्या लाँचला ओरखडा आला तर तुझ्या इतिहासाचा भूगोल करीन," आत्या म्हणाली. मग बराच वेळ दोरी गुंडाळत राहिली. "तळमजला ना?"

"तळमजला."

"ठीक आहे. पण बाबांना वर जाऊ द्यायचं नाही. ते वर असले की मला जमणार नाही."

ती जबाबदारी आईने घेतली. शनिवारी सकाळी तिने कपाटाचं दार मुद्दाम निखळवलं आणि आजोबांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. मी किनाऱ्यावरून आत्या आणि साहेबांबरोबर लाँचमध्ये बसले. हवा स्वच्छ, पाणी शहाण्यासारखं. साहेब मध्यभागी, दोन्ही हातांनी बाकाला धरून. म्हातारा जवळ आला. आत्याने ओठ घट्ट मिटले, सुकाणू वळवलं आणि लाँच थेट त्याच्यावर निघाली.

"उजवी घे!"

आकाशवाणी झाल्यासारखा आवाज आला. वर सज्जात आजोबा, एका हातात कर्णा, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर. आत्याचे हात आपोआप उजवीकडे गेले. लाँच म्हाताऱ्याला वळसा घालून लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली.

"काय केलंस!" मी कुजबुजले.

"मी काही नाही केलं. हातांनी केलं," आत्या घामाघूम झाली होती. "लहानपणापासून सवय आहे. तो आवाज आला की वळतात."

आम्ही फिरून परत गेलो. पुन्हा "उजवी घे!", पुन्हा हात उजवीकडे. तिसऱ्या वेळी आत्याने कानात कापूस घातला. तरी आजोबांचा हलणारा स्क्रू-ड्रायव्हर तिला दिसला आणि काम झालं. म्हणजे झालं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसं.

"आपण गोल गोल का फिरतोय?" साहेबांनी विचारलं.

"पाहुण्यांना फिरवतो," मी म्हटलं. "मान असतो."

"छान. अतिशय सुरक्षित प्रवास," साहेब म्हणाले आणि तसंच लिहूनही घेतलं. मला रडायला यायचं बाकी होतं.

संध्याकाळी आजोबांच्या सगळं लक्षात आलं. त्यांना समजायला वेळ लागत नाही, रागवायला लागतो. ते गोल खोलीत फेऱ्या मारत होते, आणि गोल खोलीत माणूस फेऱ्या मारायला लागला की थांबायची जागा सापडत नाही.

"माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच मुलीच्या हाताने बोट लावणार होता?"

"आजोबा, पण मनोरा वाचला असता!"

"कशासाठी? इथे बोट लागली म्हणून? अगं, हलवायाने दुकान वाचवायला मिठाईत मीठ घालायचं का?"

"मग काय करायचं?"

"काही नाही. पाडायचा तर पाडू देत. पण इथे बोट फुटली असं कुणी म्हणता कामा नये." एवढं बोलून ते वर निघून गेले. त्यांची पाळी नव्हती, तरी गेले.

मग बरेच दिवस काही झालं नाही, म्हणजे नेहमीसारखंच. आईने भांडी वर्तमानपत्रात बांधायला घेतली. काकांनी फोनवर सांगितलं की शेजाऱ्याने ती चाकवाली गाडी विकली, आता खिडकीतून दुसरी दिसते, जरा बरी आहे.

आणि एका रविवारी धुकं पडलं.

माझी पाळी होती. आमच्याकडे धुकं पडलं की ते मनोऱ्याच्या कमरेपर्यंतच येतं. सज्जात उभं राहिलं की खाली सगळीकडे नुसता कापूस, वर ऊन, आणि मध्ये आपण. मला अशा वेळी फार भारी वाटतं. मी ठरलेल्या फरशीवर उभी होते, आणि कापसातून एक पिवळी मान बाहेर आलेली दिसली. लांब, बारीक, वर वाकडं टोक. ती सावकाश पुढे सरकत होती. खालून इंजिनाची घरघर येत होती. मला समजायला थोडा वेळ लागला. ती क्रेन होती. क्रेन एका सपाट बार्जवर उभी होती, बार्ज धुक्यात बुडालेली होती, आणि हे सगळं वऱ्हाड आमचा मनोरा पाडायला येत होतं.

क्रेनचं टोक सरळ लाल गजाकडे निघालं होतं. सासूबाईकडे.

मी कर्णा उचलला. आणि खाली ठेवला.

कारण मला एकदम दिसलं की मला काहीच करायचं नाहीये. इतके दिवस मी घटना शोधत होते, आणि घटना स्वतःच्या पायाने चालत आली होती. मी फक्त गप्प बसायचं. बार्ज लागेल, यंत्र पाण्यात जाईल, आणि वर आमच्या दीपगृहाला इतिहासही मिळेल. आजोबा खाली दाढी करत होते. कुणाला कळणारही नाही. मोबाईलमध्ये बघा की, इथे बेटच नाही! चूक कुणाची?

टोक लाल गजाच्या अलीकडचा गज ओलांडून पुढे आलं. मी तोंडावर हात धरून उभी होते. आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधीच बसले नव्हते.

आणि मग मला तो टॉवेल दिसला. क्रेनच्या मानेला एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. चौकडीचा. कडेला दोन चिमटे लावलेले, नीट, उडू नये म्हणून. म्हणजे तो माणूस सकाळी अंघोळ करून निघाला होता, आणि त्याला वाटत होतं की तो दुपारपर्यंत वाळेल.

"डावी घे!" मी ओरडले. कर्णा घ्यायचंही सुचलं नाही. "ए बार्जवाल्या! डावी घे! डावी, डावी, डावी!"

क्रेन थबकली. खालच्या कापसातून एक घाबरलेला आवाज आला, "कोण आहे?"

"ते मग सांगते! आधी डावी घे!"

टोक हललं. लाल गजाला अगदी चाटून गेलं. मागून धापा टाकत आजोबा आले, अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल गुळगुळीत. त्यांनी क्रेन पाहिली. ती कशासाठी आलीय हे त्यांना मी न सांगताच कळलं असणार. तरी त्यांनी जमिनीवरचा कर्णा उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाई करू नकोस. एकेक शब्द सोड. धुक्यात शब्द चिकटतात."

मग मी बार्जवाल्यांना आत आणलं. पिवळ्या गजाच्या आतून, पांढऱ्याच्या बाहेरून, धक्क्यापर्यंत. शेवटी लोखंड दगडाला हलकेच टेकल्याचा आवाज आला आणि आजोबा म्हणाले, "शाबास." मला आजवर पुष्कळ शाबासक्या मिळाल्यात, पण त्या शाबासकीने माझं डोकं मनोऱ्याच्याही वर गेलं.

खाली गेले तर धक्क्यावर चौकडीचा टॉवेल खांद्यावर टाकून एक आडदांड मुकादम उभा होता. त्याच्यामागे, केशरी जॅकेटमध्ये, पांढरेफटक पडलेले आपले साहेब. ते धक्क्यावर मांडी घालून बसले होते आणि जमिनीवर हात फिरवत होते.

"साहेब!" मी धावले. "झाली की नाही घटना? लिहा!"

साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं, "काय घडलं?"

"तुम्ही फुटणार होता!"

"पण फुटलो का?"

"नाही."

"मग बोट आली, एवढंच झालं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "वाचलेल्या माणसांचा रकानाच नाही गं. मी काय करू?"

मला इतका संताप आला की शब्दच फुटेना, आणि हे एकाच रविवारात दुसऱ्यांदा झालं. आईने सगळ्यांना चहा दिला. पाडायला आलेल्या माणसांना चहा द्यावा की नाही यावर ती जिन्यात जाऊन थोडा वेळ बसली होती, पण मग दिला. मुकादमाने कप रिकामा केला, मनोऱ्याकडे वर पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

"चला, लागू कामाला. वरून सुरुवात करू." मग तो थांबला. डोकं खाजवलं. माझ्याकडे वळला. "पोरी, मघाशी तू कुठून ओरडत होतीस?"

"वरून."

"खालून नाही दिसत?"

"खालून तुमच्या नाकापुढचं दिसतं."

"आणि परत जाताना?"

"परत जाताना काय?"

"अगं, आम्हाला परत कोण सांगणार? डावी-उजवी?"

"मीच सांगीन की," मी म्हटलं. खरंच सांगितलं असतं. "पण तोपर्यंत तुम्ही मनोरा पाडलेला असेल. मग मी उभी कुठे राहू?"

मुकादमाने टॉवेलने मान पुसली. त्याची माणसं जवळ आली. एकाने सुचवलं, "अर्धा पाडू."

"अर्ध्यावरून अर्धेच खडक दिसतील," आजोबा म्हणाले. त्यांच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळला होता. "आणि लागायचा तो उरलेल्या अर्ध्यातलाच लागतो."

"क्रेनवर चढून बघितलं तर?"

"आणि क्रेन कोण चालवणार? तुझा सासरा?" मुकादम त्याच्यावर खेकसला. मग त्याने थोडं बाजूला जाऊन मालकाला फोन लावला. आम्हाला फक्त त्याच्याच बाजूचं ऐकू येत होतं. "हो मालक, पोचलो... नाही, सुरू नाही केलं... नाही मालक, अडचण अशी आहे की पाडला तर यंत्र इथेच राहतंय... हो, भाड्याचंच आहे, माहीत आहे मला... नाही, नकाशात नाही, नकाशात तर आम्हीसुद्धा पाण्यातच उभे आहोत... हो. हो. बरं. तसं करतो."

त्याने फोन खिशात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मालक म्हणाले, आधी यंत्र सुखरूप परत आणा. मग मनोरा पाडा."

कुणीही हसलं नाही. ते इतकं बरोबर वाटत होतं की हसण्यासारखं त्यात कुणाला काही दिसलंच नाही. साहेबांनी तर मान डोलावून शेरा लिहिला, "सुरक्षेच्या दृष्टीने योग्य." आजोबा आत जाऊन उरलेली दाढी करून आले.

दुपारी धुकं अजून बसलेलंच होतं. मी फरशीवर उभी राहिले, आजोबा शेजारी. बार्ज सुटली. मी एकेक शब्द सोडत तिला बाहेर काढत होते, पांढऱ्याच्या बाहेरून, पिवळ्याच्या आतून, आणि आजोबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. पिवळी मान लहान लहान होत गेली. मोकळ्या पाण्यात पोचल्यावर कापसाखालून मुकादमाचा आवाज आला, माणसाने पाहुणचार घेऊन निघताना मारावी तशी हाक.

"येतो हं, आजोबा! पाडायला!"

आजोबांनी माझ्या हातातून कर्णा घेतला.

"या, या! सावकाश या!" ते ओरडले. "पण निघायच्या आधी कळवा. वर कुणीतरी असायला हवं!"